सध्या कितव्या पानावर आहात?

मागच्या अंकात मी तुम्हाला विचारलं होतं : सध्या काय वाचताय, आणि खरंच आवडतंय का? ‘खरंच’खाली रेघ मारायची राहून गेली, त्यामुळे निम्म्या पत्रांत नुसत्या याद्या आल्या. एका पत्रात बावीस पुस्तकं! याद्या खोट्या असतात असं मी म्हणणार नाही. पण त्यातलं वाचून झालेलं किती, चालू असलेलं किती आणि उशाशी धूळ खात पडलेलं किती, हे काही केल्या कळत नाही. पुस्तक ज्याच्या हातात असतं तो नाव सांगता सांगता पानही सांगून टाकतो. अशीच पत्रं मी उत्तरासाठी निवडली आहेत.

प्रश्न : आम्हाला विचारता, पण तुमच्या उशाशी काय आहे ते कधी सांगत नाही!

‘स्मृतिचित्रे’, पान ११२. चौथी खेप.

खरं तर या वेळी ते वाचायचं ठरलंच नव्हतं. हातात होतं विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. वरसईचा हा भिक्षुक घरावरचं कर्ज फेडायचं म्हणून यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघतो आणि नेमका १८५७च्या वणव्यात सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा तो आत असतो. पुस्तक छापून आलं ते पार १९०७मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. इतिहास म्हणून लोक ते वाचतात, वाचावंच. मला मात्र वाचताना सारखी एकच काळजी लागून राहिली होती : याच्या कनवटीला आता उरले किती? मिळवतो, लुबाडला जातो, पुन्हा मिळवतो. तोफा सुरू असतानाही या माणसाचा हिशेब सुटत नाही, आणि म्हणूनच मला तो खरा वाटतो.

ते संपलं त्या रात्री काहीतरी आठवलं म्हणून उठून ‘स्मृतिचित्रे’ काढलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४चा. आधीच्या तिन्ही खेपांना मी सुरुवातीची पानं भराभरा उलटली होती, कारण कधी एकदा टिळक (लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक) येतात असं व्हायचं. या वेळी तिथेच थांबले. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी झाली, आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. मुलांनी कशाला शिवायचं नाही, काय काय धुवायचं, त्याला अंतच नाही. विष्णुभटांच्या पुस्तकात ते बंड तोफांच्या आवाजात येतं. इथे येतं तेव्हा त्याचं धुण्यात रूपांतर झालेलं असतं, आणि तेही लहान मुलीच्या डोळ्यांसमोर. शेजारी शेजारी वाचली नसती तर ही दोन पुस्तकं एकमेकांच्या नात्यातली आहेत हे माझ्या लक्षातही आलं नसतं.

तर पान ११२. पेन्सिल कानावर. पस्तीस वर्षं मुद्रितशोधन केल्यामुळे पेन्सिलीशिवाय मला वाचताच येत नाही. छापील पुस्तकातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारून कोणाला उपयोग, असं घरचे विचारतात. मला होतो.

प्रश्न : ‘वॉर अँड पीस’ तिसऱ्यांदा सुरू केलं आणि तिसऱ्यांदा पान ९०च्या आसपास बुडालो. नावंच लक्षात राहत नाहीत. माझं वय झालं की टॉलस्टॉयचं?

दोघांचंही नाही. घोळ नावांचाच आहे, आणि तो सुटतो.

रशियन माणसाला स्वतःचं नाव असतं, त्यापुढे वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, मग आडनाव. शिवाय घरात हाक मारायचं नाव वेगळं. त्यातून या कादंबरीतल्या उमरावांना फ्रेंचची हौस. म्हणून पिएर हाच प्योत्र किरिलोविच, आणि तोच काउंट बेझुखोव. पान उलटेपर्यंत तीन माणसं ओळखीची झाली असं वाटतं, आणि निघतो एकच. माझा उपाय अगदी साधा : पोस्टकार्डाएवढा जाड कागद खूण म्हणून ठेवायचा आणि त्यावर घराण्यांप्रमाणे नावं लिहीत जायची. बेझुखोव, रोस्तोव, बोल्कोन्स्की, कुरागिन. एकेका घराण्याला एकेक कोपरा. चार कोपरे भरले की अर्धं धुकं गेलंच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट प्रकरणांची. उपसंहार धरून या कादंबरीत ३६१ प्रकरणं आहेत, आणि बहुतेक सगळी छोटी. रोज एक वाचलं तर वर्ष संपायला चार दिवस असताना पुस्तक संपतं. जगभर कितीतरी वाचक ते असंच वाचतात. तुम्ही एका बैठकीत वीस-वीस वाचायला जात असणार. ज्याचे पाहुणे एकेक करून यायचे, त्याला एका दिवशी सगळ्यांची पंगत बसवून कसं चालेल? उपसंहाराचा दुसरा भाग इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरचं प्रवचन आहे. तो मी दोनदा वाचलाय आणि दोन्ही वेळा पेंगले. तुम्ही गाळलात तर मी कोणाला सांगणार नाही.

प्रश्न : ‘ऑर्बिटल’ ही सामंथा हार्वे यांची कादंबरी बक्षीस मिळालं म्हणून घेतली. दीडशे पानंसुद्धा नाहीत, तरी महिना झाला. पान ६१. आवडतेय, पण पुढे जात नाही. काय चुकतंय?

काहीच नाही. पुढे जाणं हा त्या पुस्तकाचा धंदाच नव्हे. अंतराळस्थानकातली सहा माणसं, पृथ्वीवरचा एक दिवस, आणि त्या एका दिवसात पृथ्वीभोवतीच्या सोळा फेऱ्या. सोळा वेळा उजाडतं, सोळा वेळा मावळतं. खाली चक्रीवादळ जोर धरत असतं, ते वरून सगळं दिसतं आणि हात मात्र पोचत नाही. जपानी चिएला वर असतानाच आई गेल्याची बातमी येते. परत फिरायची सोय नाही, फेरी मात्र चालूच. मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. २०२४चं बुकर मिळाल्यावर अनेकांनी ‘यात घडतं काय?’ म्हणून नाकं मुरडली. तुम्ही रोज एकच फेरी वाचा. पान ६१वर महिना लावलात, म्हणजे तुम्ही ते बरोबर वाचताय असं मला वाटतं.

प्रश्न : वर्षाला शंभर पुस्तकांचं लक्ष्य ठेवलं होतं. ४१वर अडकले आहे.

बेचाळिसावं जाड घ्या.

प्रश्न : आवडत नसलेलं पुस्तक किती पानांपर्यंत वाचावं? सोडताना अपराधी वाटतं.

नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, त्यांनी यावर एक नियम करून ठेवलाय : पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. पन्नाशी उलटलेल्यांनी शंभरातून आपलं वय वजा करायचं, उरतील तेवढी पानं पुरे. माझं वय ६७, म्हणजे ३३ पानं. छापखान्याच्या हिशेबात हे दोन फर्मे आणि वर एक पान. (सोळा पानांचा एक फर्मा. अजून मी पुस्तक फर्म्यांतच मोजते.) मला हा नियम दिलदार वाटतो, कारण वय वाढतं तशी सूट वाढते. शंभरी गाठली की मुखपृष्ठ बघूनच निकाल.

अपराधी वाटतं त्याचं म्हणाल, तर सोडलेलं पुस्तक देऊन टाकू नका. खुणेसकट ठेवा. माझी दोन-तीन आवडती पुस्तकं अशी दहा-बारा वर्षं खुणेसकट पडून होती.

प्रश्न : अनुवादच जास्त वाचतो. मित्र म्हणतात, हे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं झालं. आणि अनुवादकाचं नाव कोण बघतं?

इंटरनॅशनल बुकर देणारे बघतात! त्या बक्षिसाची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२५चं बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला मिळालं. कन्नडमधल्या बारा कथा, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. कथासंग्रहाला हे बक्षीस पहिल्यांदाच. कथा मुस्लिम घरांतल्या बायकांच्या, आणि सलग वाचू नयेत अशा; मी दोनच्या वर एका दिवशी वाचल्या की छाती भरून यायची.

पण तुमच्या मित्रांना मी दाखवीन ती गोष्ट अक्षरांची आहे. कन्नड-उर्दू-अरबी शब्द दीपाबाईंनी तसेच ठेवलेत, तिरप्या टाइपात घातलेले नाहीत, खाली तळटिपाही नाहीत. मुद्रितशोधक म्हणून मी आयुष्यभर परक्या शब्दांना तिरपं करत आले. इथे ते सरळ उभे राहिलेले बघून आधी पेन्सिलीकडे हात गेला. मग पेन्सिल खाली ठेवली.

प्रश्न : पुस्तक ऐकलं तर ते वाचलं म्हणायचं का?

म्हणायचं. फक्त पान विचारलं तर मिनिट सांगा.

प्रश्न : मित्राने स्वतःचं लाडकं पुस्तक दिलंय आणि भेटला की विचारतो, ‘कुठवर आलास?’ मला ते अजिबात आवडत नाहीये. खोटं बोलू का?

पान विचारण्याची माझी युक्ती इथे माझ्यावरच उलटली म्हणायची. खोटं बोलू नका. लाडक्या पुस्तकातलं खोटं तिसऱ्या वाक्याला पकडलं जातं. त्यालाच विचारा, ‘तू हे पहिल्यांदा वाचलंस तेव्हा कुठे होतास?’ बहुतेक वेळा जीव जडलेला असतो तो त्या दिवसांवर. तो बोलत सुटेल, तुम्ही ऐका. पुस्तकापेक्षा तो भाग रंगण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : वडिलांची नजर गेली, म्हणून रोज रात्री मी त्यांना रहस्यकथा वाचून दाखवते. पंधरा मिनिटांत ते झोपतात. मला मात्र पुढे काय होतं ते कळल्याशिवाय झोप येत नाही. पुढे वाचणं ही त्यांची फसवणूक होईल का?

आलेल्या सगळ्या पत्रांत मला सर्वांत आवडलं ते हे. तुम्ही पुस्तकाचं नाव लिहिलं नाही, तरी पान लिहिलंत, तेही दोन : ‘बाबा ७४, मी १३९’.

खुशाल वाचा, पण खुणा दोन ठेवा, वेगवेगळ्या रंगांच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पानावरून सुरुवात करताना ‘काल कुठवर ऐकलंत?’ असं मात्र विचारू नका. झोप लागली होती हे वडीलमाणसं कबूल करत नाहीत. दोन पानं मागे जाऊन सरळ वाचायला लागा, आठवत असेल तर ते स्वतःच अडवतील.

एकच जपा. खुनी कोण हे कळल्यावर त्याचे संवाद वाचताना तुमचा आवाज बदलेल. दिसत नसलं तरी ते ऐकताहेत.