'बीट'चा पिट्टा

विचारणा अशी: 'बीट जनरेशन'मधलं बीट म्हणजे गाण्यातला ठेका का? मराठीत 'ताल-पिढी' म्हणावं का? आणि बीटनिक म्हणजे तीच मंडळी का?

ताल-पिढी नको. बीट जनरेशन म्हणजे १९५०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या बंडखोर लेखक-कवींची मंडळी. या लेखकांना जॅझचं वेड होतं, त्यामुळे ठेक्याचा अर्थही शब्दाला चिकटला. पण मूळ शब्द न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या फुटपाथवरचा. हर्बर्ट हंकी हा तिथला भुरटा चोर आणि गर्दुल्ला. खिशात दमडी नाही, अंगात त्राण नाही, अशा अवस्थेला तो बीट म्हणे. या मंडळींतला कादंबरीकार जॅक केरुअॅकने शब्द त्याच्याकडून उचलला आणि १९४८ मध्ये मित्र जॉन क्लेलन होम्सशी बोलताना अख्ख्या पिढीला लावला. होम्सने १९५२ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवार पुरवणीत त्यावर लेख लिहिला आणि शब्द रुळला.

मराठीत याला जवळचा शब्द आहे 'पिट्टा पडणे'. तिथेही पिटणं आहे आणि पार गळून जाणंही. पण 'पिट्टा पडलेली पिढी' म्हटलं की केरुअॅकने मागाहून भरलेला अर्थ सांडतो. तो फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक घरातला. त्याला बीटमध्ये 'बिअॅटिफिक' ऐकू येऊ लागलं, म्हणजे धन्य, आनंदमग्न. रस्त्यावरच्या दमलेल्या माणसातच साधुत्व पाहायचं, ही त्याची खरी गंमत. एका शब्दात दोन्ही बसवणारा मराठी शब्द मला तरी सापडलेला नाही. म्हणून 'बीट पिढी'च लिहावं. वाचकाला कोशिंबीर किंवा पोलिसांची बीट चौकी आठवली तर आठवो!

बीटनिक मात्र चेष्टेचा शब्द. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला आणि एप्रिल १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा स्तंभलेखक हर्ब केन याने ते शेपूट बीटला जोडलं. केरुअॅक आणि बीट कवी अॅलन गिन्सबर्ग दोघांनाही तो आवडत नसे. (जाता जाता: स्पुटनिक म्हणजे वाटेतला सोबती. त्यातला 'पुत' आणि संस्कृत 'पथ' एकाच कुळातले.) तेव्हा लेखकांना बीट म्हणा, दाढी, काळा स्वेटर, बोंगो घेऊन मिरवणारी फॅशन ती बीटनिक.

आपल्या साठोत्तरी अनियतकालिकवाल्यांना (ठरलेल्या वेळेचं बंधन नसलेली छोटी मासिकं काढणाऱ्यांना) सरसकट 'मराठी बीट' म्हणतात, तेही जपून. गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत आला, त्यांच्यातल्या अशोक शहाणे, अरुण कोलटकर यांना भेटला, हे खरं. पण 'शब्द' हे अनियतकालिक १९५४ चं, आणि गिन्सबर्गची 'हाऊल' ही कविता पुस्तकरूपात आली १९५६ मध्ये, म्हणजे त्यानंतर.