सुनेला दूध पुरत नाही, असे वाटते तेव्हा

प्रश्न : सुनेचे सिझर होऊन वीस दिवस झाले. चीक बाळाला जड जातो म्हणून आम्ही पहिले दोन दिवस गूळपाणी दिले. बाळ रात्री फार रडते, त्यामुळे बाटलीने गाईचे दूध सुरू केले. आता ते अंगावर नीट ओढत नाही. पुढे कापूस वेचायलाही जावे लागेल. तिच्या प्रकृतीमुळेच दूध कमी पडत असेल का?
— एक सासूबाई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, क्वचित एखाद्या आईला खरोखर दूध कमी येते, बहुतेकींचे मात्र सुरुवातीच्या दिवसांत घरात आणि दवाखान्यात जे घडते त्यामुळे आटते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शंभरपैकी सुमारे 89 बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली, तरी पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळे शंभरात 42 च होती. सिझरनंतर आई एकीकडे आणि बाळ नातलगांच्या हाती असते, आणि नेमके तेव्हाच गूळपाणी येते. गाय व्याली की वासराला चीक मिळावा म्हणून आपण किती धडपडतो! आपल्या बाळालाही आईचा चीकच रोगांपासून जपतो, आणि पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभरही पुरतो.

बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते, म्हणून बाटलीमागे अंगावरचे एक पाजणे बुडते आणि पान्हा आणखी कमी होतो. रडणे म्हणजे भूकच असे नाही. दिवसभरात सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. आशाताईंकडून वजन करून घ्या. वाढ नसेल किंवा लघवी कमी असेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. वजन ठीक असेल, तर त्यांच्या देखरेखीखाली बाटली बंद करत आणा. रात्रीसह दिवसातून आठ ते बारा वेळा पाजू द्या. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात हवा.

वेचणीची अडचण खरी आहे. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत ती पोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते. घरातून एकीनेच जाऊन भागत असेल, तर या हंगामात तुम्ही जा आणि सुनेला बाळाजवळ राहू द्या. तिला जावेच लागले, तर स्वच्छ हातांनी दूध काढून झाकलेल्या स्टीलच्या भांड्यात घरातल्या गार जागी ठेवा आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजा.