आधी कान, मग इको : घोड्यांच्या हृदयाकडे वळणाऱ्या तरुण पशुवैद्यकास पत्र

प्रिय,

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कोर्स आधी करावा की परदेशातल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे विशेषज्ञ प्रशिक्षणाच्या, मागे लागावं, असं तू विचारलंस. दोन्ही जरा थांबू दे. आधी दोनशे निरोगी घोड्यांची छाती ऐक. कुत्र्या-मांजरांवर तयार झालेला कान घोड्यापाशी हमखास फसतो, कारण निरोगी घोड्याच्या हृदयातही बिघाड वाटावा असं बरंच काही ऐकू येतं.

उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. तोच घोडा भरधाव सुटला की २२० ते २४०. एरवी या हृदयाला व्हेगस नर्व्हने ब्रेक लावून ठेवलेला असतो, आणि तो इतका घट्ट असतो की मधूनच एखादा ठोका गळतो. यालाच सेकंड डिग्री एव्ही ब्लॉक म्हणतात. चांगल्या तयारीच्या रेसच्या घोड्यात तो सर्रास सापडतो. नवखा डॉक्टर तो ऐकून घाबरतो, मालकाला घाबरवतो, आणि धडधाकट घोडा महिनाभर तबेल्यात अडकतो.

ऐकण्याची रीत नीट बसवून घे. तबेल्यातला पंखा बंद करायला लाव आणि मोतद्दाराला समोरचं गवत काढायला सांग, कारण चघळण्याच्या आवाजात मंद मर्मर, म्हणजे रक्त खळाळल्याचा आवाज, बुडून जातो. डावा पुढचा पाय अर्धं पाऊल पुढे घे. मग स्टेथोस्कोप कोपरामागून ट्रायसेप्स स्नायूच्या खाली, पार आत सरकव. बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत मायट्रल झडप, चौथीत थोडी वर एओर्टिक, तिसरीत पल्मोनरी. उजवी बाजू अजिबात टाळू नकोस, ट्रायकस्पिड तिथेच ऐकू येते. दोन्हीकडे किमान दोन-दोन मिनिटं दे. ठोके ३२ असतील तर अर्ध्या मिनिटात सोळाच हाती येतात, तेवढ्यावर कसला निर्णय करणार? दुसऱ्या हाताची बोटं पुढच्या पायाच्या आतल्या धमनीवर ठेव, म्हणजे ऐकू आलेला ठोका नाडीपर्यंत पोचतो की नाही ते कळेल.

आता खरी मेख. घोड्यात ‘लब-डप’मधल्या ‘लब’च्या किंचित आधी एक हलकी ‘धप’ येते. वरचा कप्पा, म्हणजे कर्णिका, आकसल्याचा तो आवाज. याला चौथा ध्वनी म्हणतात. ठोका गळला की त्या मोकळ्या जागेत कान लाव. एकटी ‘धप’ ऐकू आली आणि पुढे ‘लब-डप’ आलंच नाही, तर कर्णिकेने आपलं काम केलंय, फक्त निरोप खाली पोचला नाही. हा तो निरुपद्रवी ब्लॉक. घोडा दोन-तीन मिनिटं दुडका चालवून आण, ठोके सरळ झालेले असतील. उलट, ती ‘धप’ कुठेच नाही, ठोक्यांमधलं अंतर कसंही कमीजास्त होतंय आणि दुडकीनंतरही ताल येत नाही, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे कर्णिकेची बेताल थरथर, धर आणि ईसीजी काढ.

ईसीजीला बेस-एपेक्स लीड पुरते. ऋण इलेक्ट्रोड मानेच्या उजव्या बाजूला जुग्युलर शिरेच्या खाचेत, धन डाव्या कोपरामागे. यातून ताल वाचायचा, हृदयाचा आकार नाही. घोड्यात विजेचा निरोप पोचवणारे पुर्किंजे तंतू खालच्या कप्प्याच्या, म्हणजे जवनिकेच्या, भिंतीत खोलवर शिरलेले असतात. सगळी भिंत जवळपास एकदमच पेटते, त्यामुळे क्यूआरएसच्या, म्हणजे ईसीजीतल्या जवनिकेच्या लाटेच्या, रुंदीवरून हृदय केवढं ते ठरत नाही. तरीही याच रुंदीवर बेतलेला, ऑस्ट्रेलियातून निघालेला ‘हार्ट स्कोअर’ अनेक वर्षं रेसच्या घोड्यांच्या खरेदी-विक्रीत वापरला गेला. आजही कुणी तो पुढे केला तर नम्रपणे बाजूला ठेव.

इकोची गरज मर्मरचं मोजमाप करायला लागते. २५ ते ३० सेंटिमीटर खोलवर दिसेल असा फेज्ड अॅरे प्रोब हवा. पोटाच्या सोनोग्राफीच्या प्रोबवर वेळ घालवू नकोस. आकड्यामागचं कारण समजून घे, नुसता आकडा पाठ करू नकोस. उदाहरणार्थ, जवनिकांमधल्या पडद्याला जन्मजात छिद्र असेल, तर ते साधारण अडीच सेंटिमीटरहून लहान आणि त्यातल्या रक्ताचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या वर, हे चांगलं लक्षण. वेगाचा वर्ग करून चारने गुण: पाऱ्याचे ८१ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंच्या दाबात अजून एवढी तफावत आहे, उजवी बाजू दाबाखाली आलेली नाही. इथे मोठा मर्मर म्हणजे मोठा आजार असं समीकरण नसतं. लहान छिद्रातून उलट जास्त आवाज येतो.

फिब्रिलेशनच्या उपचारात घाई नडते. शर्यतीनंतर लगेच सापडलं तर २४ ते ४८ तास वाट पाहा, कित्येकदा ताल आपोआप परततो. रक्तातलं पोटॅशियम तपास, फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध घेणाऱ्या घोड्यात ते उतरलेलं असू शकतं. बाकी हृदय निरोगी असेल तर ताल परत आणणारं क्विनिडीन सल्फेट किलोमागे २२ मिलिग्रॅम, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला जवळपास १० ग्रॅम, दर दोन तासांनी. नेहमी नाकातून नळीनेच द्यायचं, तोंडाने दिलं तर तोंडात व्रण पडतात. साधारण चार डोसांनंतर अंतर सहा तासांवर न्यायचं. प्रत्येक डोसाआधी ईसीजी बघ. क्यूआरएस मूळच्यापेक्षा २५ टक्क्यांहून रुंद झालं, नाकाचा आतला भाग सुजला, पोट दुखायला लागलं, घोडा झोकांड्या खाऊ लागला किंवा ठोके शंभराच्या वर गेले, की पुढचा डोस नाही. ‘आणखी एकच देऊन पाहू’ या मोहात घोडे जातात. दुसरा मार्ग भूल देऊन, जुग्युलरमधून कॅथेटर आत नेऊन विजेचा झटका देण्याचा. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात याच्याही पुढे, हृदयाचा त्रिमितीय विद्युत नकाशा काढून कर्णिकेतली बिघाडाची जागा जाळण्यापर्यंत काम गेलंय.

विषबाधा आपल्याकडे विसरली जाते. कोंबडीखाद्यात घातलं जाणारं मोनेन्सिन हे औषध घोड्याच्या हृदयस्नायूला घातक आहे. घोड्याच्या वजनाच्या किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतं. एकाच मिक्सरमध्ये दोन्ही खाद्यं बनत असतील तर चौकशी कर. कुंपणाची छाटलेली कण्हेर वाळली तरी विषारीच राहते. अचानक बेताल झालेला घोडा दिसला की रक्तातलं ट्रोपोनिन आय, म्हणजे हृदयस्नायू दुखावल्याची खूण, तपास आणि गव्हाणीत हात घालून बघ.

आता शिक्षणाचं. बी.व्ही.एस्सी.ची साडेपाच वर्षं झाली की मेडिसिनमध्ये एम.व्ही.एस्सी. कर. पुढे अमेरिकेला जायचं तर ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह (परदेशी पदवीधरांसाठीचे पात्रतेचे दोन मार्ग), मग वर्षाची इंटर्नशिप आणि तीन वर्षांची रेसिडेन्सी. तिथे ‘कार्डिओलॉजी’ हा शब्द बघून हुरळू नकोस. त्या जागांवर बहुतेक वेळ कुत्र्या-मांजरांत जातो. लार्ज अॅनिमल इंटर्नल मेडिसिन धर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या मोठ्या जनावरांच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं काम केलेल्या व्हर्जिनिया रीफ, या विषयातलं सर्वात मोठं नाव, त्याही याच शाखेच्या. तोवर इथे घोडे कमी नाहीत: पावसाळ्यात पुण्याचं रेसकोर्स, हिवाळ्यात महालक्ष्मी, शिवाय माथेरानची ओझी वाहणारी घोडी.

शेवटी मालक एकच विचारतो, ‘बसायला चालेल ना?’ दीड-दोन मीटर उंचीवरून माणूस पडणार असतो, म्हणून इथे शब्द जपून वापर. ‘घोडा फिट आहे’ एवढंच लिहू नकोस. कोणत्या तारखेला काय तपासलं, पळतानाचा ईसीजी काढला तेव्हा वेग किती होता आणि घोडा रोज त्याहून जोरात पळतो का, ते लिही. एओर्टिक झडप गळत असेल तर दरवर्षी तो ईसीजी पुन्हा काढायला सांग, कारण पळताना जवनिकेतून येणारे जादा ठोके उभ्या घोड्यात दिसत नाहीत. आणि जोखीम उरत असेल तर स्पष्ट लिही: धोका समजलेल्या प्रौढ स्वारानेच बसावं, रायडिंग स्कूलच्या मुलांना हा घोडा देऊ नये.