जेट्टीवर अनोळखी माणूस दिसला, तर?

प्रश्न : मी जेट्टीवर मासळीचा लिलाव करते. आमच्या गावच्या सागर रक्षक दलात, म्हणजे किनाऱ्यावर नजर ठेवून पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या दलात, यंदा नवी मुलं आली आहेत. मागे एकदा रात्री बर्फ कारखान्याच्या मागे दोन अनोळखी माणसं दिसली. मुलांनी त्यांना घेरलं, आधार कार्ड मागितलं, बॅगा उघडायला लावल्या. ती गळ टाकायला आलेली हौशी माणसं निघाली. दलाचं ओळखपत्र असलं की झडती घेता येते का? आणि ‘बायकांचं दलात काय काम?’ असं मुलं म्हणतात, त्याचं काय?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, झडती घेता येत नाही. दलाच्या ओळखपत्रामुळे मुलगा पोलीस होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सामान्य माणसालाही अटक करू देतं, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा) आणि अजामीनपात्र हवा, किंवा समोरचा न्यायालयानं फरार घोषित केलेला हवा. त्यानंतरही विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांकडे सोपवायचं. रात्री जेट्टीवर थांबणं हा काही गुन्हा नाही.

त्या मुलांना माझ्याकडून एक आठवण करून द्या. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली, एवढी अफवा पुरली. अनोळखी माणसाला घेरलं की गर्दी जमते, आणि जमलेली गर्दी दलाच्या कुठल्याही मुलाचं ऐकत नाही. मी नोकरीची शेवटची वर्षं सागरी पोलीस ठाण्यात काढली, मला याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटायची.

मग दल हवंच कशाला? मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ला कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत रबरी बोटीतून उतरलेली माणसं तिथल्या रहिवाशांनी पाहिली, हटकलीही. किनाऱ्यावरच्या माणसाला सगळ्यांत आधी दिसतं. ते दिसलेलं ठाण्यापर्यंत मिनिटांत पोचवणं, हेच दलाचं खरं काम.

आता तुमचं. कुठल्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, कोण, खलाशी कुठले, कोण नवा, हे लिलावाला बसणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असतं? बोट चार दिवस समुद्रात राहून आली आणि टोपल्यात धड दोन दिवसांचीही मासळी नाही, फेरी छोटी, पण डिझेलचे पिंप भरभरून चढवले, ‘आयएनडी एमएच’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक खरवडलेला किंवा नव्या रंगाखाली गेलेला, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत यांत्रिक बोट रात्री बाहेर पडली. असं तुम्ही रोज बघता, आणि गस्तीवरच्या पोलिसाला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. कधीकधी कारण साधंच असतं, इंजिन बिघडलं असेल. तरी कळवा, तपासणं पोलिसांचं काम. चार-पाच जणींनी मिळून दलात नावं घेण्यासाठी ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मला विचाराल तर तुमच्याशिवाय ते दल अर्धंच आहे.

पुन्हा कुणी दिसलं तर लांबूनच, दोघांतिघांनी, नीट आवाजात विचारावं: ‘कुठले तुम्ही, कुणाकडे आलात?’ उत्तर पटलं नाही तर वाट अडवायची नाही, फोटो व्हॉट्सॲप समूहावर फिरवायचा नाही. १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक आणि समुद्रात काही दिसलं तर तटरक्षक दलाचा १५५४, दोन्ही लिलावाच्या शेडमध्ये मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. फोनवर आधी जागा सांगा, मग बोटीचा क्रमांक किंवा रंग, ती कुठल्या दिशेला गेली आणि किती वाजता. ठाण्यात फोन उचलला नाही तर ११२ लावा, तिथे तुमच्या फोनची नोंद राहते.