गेम तुमचा, पत्ता खेळाडूचा

गेम बनवणाऱ्यांकडून या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांत एकच गैरसमज आहे: खेळाडूने गेम विकत घेतला म्हणजे त्याला जाहिरातीचे मेल पाठवायची परवानगी मिळाली. मिळालेली नाही. आता एकेक घेऊ.

प्रश्न: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आमचा गेम सात-आठशे जणांनी घेतलाय. त्यांचे ईमेल पत्ते कुठून काढायचे?

उत्तर: स्टीम ते देत नाही.

प्रश्न: मग आमच्याच गिऱ्हाइकांशी आम्ही बोलायचं तरी कसं?

उत्तर: तुमची चिडचिड समजते. पण गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे 'पुढे घ्यायचाय' या यादीत, टाकलेल्यांना तो प्रसिद्ध झाल्यावर, आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सवलत लावलीत की, स्टीमच मेल धाडतं. त्यापलीकडची यादी स्वतः जमवा. आपल्या संकेतस्थळावर 'मला मेल पाठवा' अशी एक चौकट ठेवा. त्यातली खूण खेळाडूने करायची, तुम्ही आधीच करून ठेवायची नाही. गेमच्या मेनूतही ठेवता येईल, पण गेम ज्या दुकानात विकता त्याचे नियम आधी वाचा. आणि हे काम गेम येण्याच्या वर्षभर आधीचं आहे. माझ्याकडे लोक येतात ते विक्री बसल्यावर.

प्रश्न: एक जण ५० हजार 'गेमर्स'चे पत्ते चार हजारांत देतोय. सगळ्यांची परवानगी आहे म्हणतो.

उत्तर: कुणाला दिलेली? तुम्हाला तर नाही. चार हजार वाचवा.

प्रश्न: आमचे बरेचसे खेळाडू आठवी ते दहावीतले. ईमेल दिला की फुकट स्किन (गेममधल्या पात्राचं नवं रूप), असं ठेवू का? सगळेच करतात.

उत्तर: 'सगळेच करतात' हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि ते म्हणणाऱ्याने कायदा वाचलेला नसतो. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. १३ नव्हे, ती अमेरिकेतली रेघ. बालकाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. 'मी १८ वर्षांचा आहे' या बटणाने ती मिळत नाही, ते बटण आठवीतलं पोरगं डोळे मिटून दाबतं. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी. तुमच्यावर तेवढा बसेल असं नाही, पण पाच जणांचा स्टुडिओ त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही झोपेल. शिवाय मोठ्यांचीसुद्धा संमती बिनशर्त हवी, मग स्किनचं आमिष दाखवून घेतलेली कसली बिनशर्त? नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीच्या भरवशावर राहू नका. फॉर्म आजच बंद करा, जमलेल्या पत्त्यांना हात लावू नका, आणि या विषयातल्या वकिलाला गाठा.

प्रश्न: अमेरिकेत आधी विचारावं लागत नाही असं ऐकलंय.

उत्तर: अर्धंच ऐकलंत. तिथला २००३चा कायदा आधी संमती मागत नाही, पण 'बंद करा' म्हटल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत थांबावं लागतं आणि प्रत्येक मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता द्यावा लागतो. खेळाडू जर्मनीत असेल तर हा अमेरिकी कायदा तुमच्या उपयोगाचा नाही. देशवार यादी करून सल्लागाराला दाखवा.

प्रश्न: आमचे मेल स्पॅममध्ये जातात.

उत्तर: डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या तीन नोंदी) लावलंय का, ते सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा. दिवसाला ५ हजारांवर मेल पाठवणाऱ्यांकडून जीमेल फेब्रुवारी २०२४पासून हे तिन्ही मागतं, शिवाय एका क्लिकमध्ये मेल बंद करायची सोयही.

प्रश्न: बग कळवायला मेल करणाऱ्यांना यादीत घालू का?

उत्तर: नाही. त्यांना बगचं उत्तर द्या, याच आठवड्यात.