बेशुद्ध माणसाला उताणं ठेवू नका

प्रश्न : डॉक्टर, रामकुंडावर दशक्रियेच्या वेळी माझे चुलतसासरे उन्हात एकाएकी कोसळले. श्वास चालू होता, पण हाकेला ओ देत नव्हते. कुणी डोक्याखाली पिशवी सरकवली, कुणी तोंडात पाणी घातलं, एक जण कांदा शोधायला पळाला. पाण्याने त्यांना जोराचा ठसका लागला. आता ते बरे आहेत, पण अशा वेळी आम्ही काय करायला हवं होतं? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, ठसका लागला हे नशीबच म्हणायचं. शुद्ध पुरती हरपली की ठसकाही लागत नाही. पाणी असो वा उलटी, मुकाट फुप्फुसात उतरते. कॅज्युअल्टीत असे रुग्ण पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगते, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. तीर्थही नाही, मधुमेही असला तरी साखरही नाही. उताण्या माणसाची जीभ सैल पडून घशाशी जाते आणि डोक्याखाली उशी दिली की मान पुढे वाकून वाट आणखीच अडते. घोरल्यासारखा आवाज येतो तो त्याचाच. लोकांना वाटतं, झोप लागली!

आधी खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. मग हनुवटी वर उचलून, फार तर 10 सेकंद, छाती नीट वरखाली होते का ते पाहा. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मधूनच एखादा आचका देत असतील, तर तो श्वास धरू नका. लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा, मिनिटाला 100 ते 120 वेळा. 108 ला फोन दुसऱ्याने लावावा.

श्वास नीट असेल तर कुशीवर वळवा. घाटाच्या पायरीवर असाल तर आधी सपाट जागेवर घ्या. समजा, तुम्ही त्यांच्या डाव्या अंगाला गुडघे टेकून बसलात. त्यांचा डावा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढा, कोपरात दुमडून तळवा वर. उजवा हात छातीवरून आणा, त्याची मागची बाजू डाव्या गालाला लावून धरून ठेवा. मोकळ्या हाताने उजवा गुडघा उभा करा आणि तो आपल्याकडे ओढा. अख्खा माणूस वळतो, अंगात फार जोर लागत नाही. गालाखालचा हात तसाच राहू द्या, डोकं किंचित मागे, तोंड जमिनीकडे. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ बाहेर ओघळताना दिसली की समजा, जमलं.

तिथून हलू नका. श्वास पाहत राहा. गर्दीला मागे सारा, सावली करा. गाडीला फारच उशीर झाला तर अर्ध्या तासाने कूस बदला. गरोदर बाईला मात्र डाव्याच कुशीवर ठेवायचं. अपघातात मानेला मार बसल्याचा संशय असेल तर हलवू नका, पण उलटी होऊ लागली किंवा श्वास अडू लागला तर डोकं, मान, पाठ एका रेषेत धरून वळवावंच लागतं. श्वास आधी.

फिट आली असेल तर झटके चालू असताना दाबून धरू नका, दातांत चमचा नको. झटके थांबले की कुशीवर. कांदा, चप्पल, किल्ल्या यांत वेळ घालवू नका.

108 च्या डॉक्टरांना सांगा : किती वाजता पडले, उलटी झाली का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. तुमचे चुलतसासरे शुद्धीवर आले असले, तरी साखर, रक्तदाब आणि ईसीजी अजून पाहिला नसेल तर आजच दाखवून घ्या.