पावसाळ्याआधी आउटबोर्ड इंजिन ठेवताना

१ जूनला मासेमारी बंद होते, पण आउटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं काम त्याआधीच उरकून घे. होडी शाकारल्यावर, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवल्यावर, घाई होते.

आधी इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात, न्यूट्रलमध्ये दहा-पंधरा मिनिटं चालव. आत राहिलेलं खारं पाणी सुकलं की मीठ पाण्याच्या वाटा बुजवतं. शेवटी पेट्रोलची नळी काढ, इंजिन आपोआप बंद पडू दे. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोलही खालचा स्क्रू सोडून काढ. त्याचाच चिकट थर बसून नारळी पौर्णिमेला इंजिन सुरू होत नाही.

गियर ऑइल मात्र आत्ताच बदल, ऑगस्टवर ढकलू नकोस. जुनं ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. मग पंखा काढून तो ज्यावर फिरतो तो शाफ्ट बघ. तिथे बहुतेक वेळा तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळलेला सापडतो, तोच पाणी अडवणारं रबरी सील कापतो. सील बदलल्याशिवाय नवं ऑइल भरू नकोस, फुकट जाईल. भरताना खालच्या भोकातून भर, वरच्या भोकातून ऑइल येईपर्यंत.

स्पार्क प्लग काढून आत थोडं इंजिन ऑइल सोड आणि इंजिन सुरू करायची दोरी हळू ओढ. इंजिन उभंच ठेव, आडवं नको. प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नकोस, आत घाम धरतो.